चालत्या घराची मोरी



घर बांधावयाचें ठरलें म्हणजे दिवाणखान्याच्या खिडक्यांचा विचार आपण महिनोन्महिने करतों. मोरीचा विचार मात्र गवंड्यावर सोपवून मोकळे होतों. मोरी वाहती आहे तोंवर तिची कोणास आठवणहि होत नाहीं. ती तुंबली म्हणजे मात्र साऱ्या घराचें लक्ष तिच्याकडे लागतें. आज मी आपणांशीं अशाच एका मोरीविषयीं बोलणार आहें. पण ती स्थिर घरांतील नसून चालत्या घरांतील आहे.

चालतें घर म्हणजे मोटारघर; व्यवहारांत त्याला कॅरॅव्हॅन म्हणतात. २०२१ सालीं महाराष्ट्र शासनानें कॅरॅव्हॅन-पर्यटनाचें धोरण आखलें, आणि अशा वाहनांतून सहकुटुंब हिंडण्याची कल्पना आतां आपल्याकडे अगदींच अपरिचित राहिलेली नाहीं. धाराशिव जिल्हा अशा प्रवासास सोयीचा आहे. सोलापुराहून निघालेला मोठा रस्ता तुळजापुरावरून धाराशिवास जातो; हैदराबादच्या रस्त्यावर नळदुर्ग लागतो; थोडी आडवाट धरली कीं तेर येतें. तुळजाभवानीचें दर्शन, नळदुर्गाचा किल्ला, तेर येथील त्रिविक्रमाचें मंदिर आणि संत गोरोबाकाकांची समाधि, असा चार दिवसांचा क्रम सहज आंखतां येतो.

पण हा भाग अवर्षणाचा आहे. शेजारच्या लातूर शहरास २०१६ च्या एप्रिल महिन्यांत मिरजेहून आगगाडीनें पाणी न्यावें लागलें, आणि ती पाण्याची गाडी धाराशिवावरूनच पुढें गेली. अशा प्रदेशांत पाहुणा म्हणून जाणाऱ्यानें आपण किती पाणी सांडतों आणि तें कोठें जातें हें जाणणें अगत्याचें आहे. बेसिनाचा निचरा समजून घेतां घेतां हेंहि आपोआप समजतें.

मोटारघरांतील बेसिन घरच्या बेसिनासारखेंच दिसतें, पण त्याच्या खालचा संसार निराळा असतो. घरीं बेसिनाचें पाणी नळींतून भिंतीआड जातें आणि आपल्या लेखीं तें संपतें. मोटारघरांत तें वाहनाच्या तळाशीं बसविलेल्या सांडपाण्याच्या टाकींत सांचतें. लहान वाहनांत ही टाकी बहुधा पन्नास ते शंभर लिटरांची असते. शौचकूपाची टाकी हिच्याहून वेगळी. तेव्हां आपण सोडून दिलेलें पाणी आपल्याबरोबरच प्रवास करीत असतें, हें प्रथम ध्यानांत ठेवावें.

निचरा नीट व्हावयास तीन गोष्टी लागतात : पाण्याला वाट, पाण्यामागें वारा, आणि दुर्गंधीला अडसर. बेसिनाच्या बहुतेक तक्रारींच्या मुळाशीं या तिहींपैकीं एखादीची उणीव असते.

प्रथम वाट. पाणी उताराखेरीज चालत नाहीं. घरीं प्लंबर नळीला फुटास सुमारें पाव इंच उतार देतो आणि तो उतार वर्षानुवर्षें तसाच राहतो. मोटारघराचा उतार मात्र तें जेथें उभें असेल त्या जमिनीवर अवलंबून असतो. काल सपाट अंगणांत सुरळीत वाहणारें बेसिन आज माळावरील चढणीवर तुंबतें, तें याच कारणानें. शिवाय मोटारघरांत नळी घरच्यापेक्षां बारीक आणि पुष्कळदां लवचिक असते. ती फरशीखालीं नीट बांधलेली नसली कीं दोन आधारांच्या मध्यें तिला झोळ पडतो. त्या झोळांत साबणाचा साका आणि केस बसतात, आणि हळूहळू वाट बुजते.

पाण्याला वाट दिली नाहीं तर तें ती स्वतः काढतें. नळदुर्गांत बोरी नदीवर जो बांध आहे तो सतराव्या शतकाच्या आरंभींचा, आदिलशाहींतला. त्याच्या पोटांत पाणीमहाल आहे, आणि पावसाळ्यांत वाढलेलें पाणी बांधावरून ‘नर’ आणि ‘मादी’ या दोन ठरलेल्या वाटांनीं खालीं कोसळतें. जादा पाण्यास जाण्याची जागा बांधणारांनीं आधींच नेमून दिली, म्हणूनच त्या धारांच्या आड महालांत कोरड्या अंगानें उभें राहतां येतें. आपल्या बेसिनाच्या कांठाखालीं जें लहानसें भोंक असतें त्याचें कामहि हेंच. पण मोटारघराची टाकी भरली म्हणजे हें भोंक निरुपयोगी ठरतें, कारण तेंहि शेवटीं त्याच टाकीकडे जातें. मग वर येऊं पाहणारें पाणी सर्वांत खालचें तोंड शोधतें, आणि तें तोंड म्हणजे न्हाणीच्या फरशीवरील जाळी. बेसिनांत हात धुतले आणि पायांशीं गढूळ पाणी उगवलें, तर नळी साफ करीत बसूं नये. टाकी भरली आहे असें समजावें.

दुसरी गोष्ट वारा. तेलाच्या भरल्या डब्याला एकच भोंक पाडलें तर तेल गचके देत, अडखळत पडतें. दुसऱ्या बाजूस आणखी एक भोंक पाडलें कीं धार संथ लागते, हें आपल्या घरांतील गृहिणींस मीं सांगावयास नको. तेल बाहेर जावें तर त्याच्या जागीं हवा आंत यावी लागते. बेसिनाचें तसेंच आहे, फरक एवढाच कीं येथें हवा दोन ठिकाणीं लागते. टाकींत पाणी शिरलें कीं तेथली हवा बाहेर पडली पाहिजे, आणि नळींतून पाणी उतरलें कीं त्याच्यामागें हवा आली पाहिजे. यासाठीं टाकीपासून छपरापर्यंत हवेची एक नळी नेलेली असते. कांहीं वाहनांत बेसिनाखालींच एक झडप बसवितात, जी हवा आंत घेते पण बाहेर सोडीत नाहीं. छपरावरील नळींत पानें किंवा गांधीलमाशीचें घर अडकलें, अथवा झडपेचें रबर चिकटून बसलें, कीं बेसिन गुडगुड आवाज करूं लागतें. हा आवाज ऐकूं आला कीं दोष बहुधा केसांचा नसून हवेचा असतो.

तिसरी गोष्ट दुर्गंधीला अडसर. बेसिनाखालीं नळी सरळ न उतरतां वळण घेऊन पुन्हां वर चढते. त्या वळणास ट्रॅप म्हणतात. त्यांत सुमारें दोन इंच पाणी नेहमीं अडून राहतें आणि पलीकडचा वास अलीकडे येऊं देत नाहीं. १७७५ सालीं लंडन येथील अलेक्झांडर कमिंग या घड्याळजीनें शौचकूपाच्या नळीस असें वळण देण्याच्या युक्तीचें पेटंट घेतलें. एवढ्याशा पाण्यावर शहरांतील सुखवस्तु घरांची स्वच्छता आज उभी आहे!

पण चालत्या घरांत हा पाण्याचा अडसर टिकणें कठीण. खड्ड्यांतून जातांना पाणी हेलकावून सांडतें. हवेची नळी बंद असेल तर उतरणारें पाणी ट्रॅपमधील पाण्यासहि ओढून नेतें. आणि मराठवाड्याच्या वैशाखांत वाहन नुसतें उभें असलें तरी तें वाफ होऊन जातें. उपाय सोपा आहे. चालतांना बेसिनाला बूच लावावें, मुक्कामास पोंचतांच त्यांत पेलाभर पाणी सोडावें. वाहन महिनाभर उभें राहणार असेल तर त्या पाण्यावर चमचाभर गोडें तेल ओतावें. तेलाच्या सायीखालीं पाणी लवकर आटत नाहीं. पाण्याविना चालणारे, आंत लवचिक रबरी जिभा असलेले ट्रॅपहि मिळतात. वारंवार त्रास होत असल्यास ते बसवून घ्यावे.

आतां बेसिन तुंबलेंच तर काय करावें? सोप्यापासून अवघडाकडे जावें. पहिल्यानें टाकी पाहावी. भरली असेल तर ती योग्य ठिकाणीं रिकामी करावी. मग वाहन समपातळींत आहे कीं नाहीं हें पाहावें. त्यासाठीं गवंड्याची पाणसळ बेसिनाच्या कट्ट्यावर ठेवली कीं पुरे, आणि चाकाखालीं फळी देऊन तोल साधावा. त्यानंतर हवेची नळी आणि झडप तपासावी. इतकें करूनहि पाणी हळूच जात असेल तर बेसिनाची जाळी काढून तिला गुंडाळलेले केस काढावे, खालीं बादली ठेवून ट्रॅप हातानें उघडावा, धुवावा, आणि रबरी चकती जागेवर बसवून पुन्हां आंवळावा. रबरी पंप वापरावयाचा झाल्यास कांठाखालचें भोंक ओल्या फडक्यानें दाबून धरावें, एरव्हीं सारा जोर तेथूनच निघून जातो. आणि तोहि बेतानें वापरावा, कारण या नळ्यांचे सांधे नाजूक असतात.

दोन गोष्टी मात्र करूं नयेत. कॉस्टिक सोड्याची पूड ओतूं नये : ती पाण्यांत तापते, पातळ प्लॅस्टिक नरमतें, आणि मागाहून ट्रॅप उघडणाऱ्याच्या हातांस व डोळ्यांस इजा होते. आणि आम्ल व ब्लीचिंग पावडर हीं एकत्र कधींहि आणूं नयेत. त्यांतून क्लोरीन वायु निघतो; न्हाणीघर हातभर रुंदीचें आणि खिडकी वीतभर, तेथें हा वायु प्राणघातक ठरूं शकतो.

राहिला प्रश्न टाकी रिकामी करण्याचा, आणि खरी कसोटी येथेंच आहे. निर्जन रस्त्याच्या कडेला तोटी उघडण्याचा मोह होतो. पण आपणांस निर्जन वाटणाऱ्या त्या जागेपासून हांकेच्या अंतरावर कोणाची तरी विहीर असते, किंवा पावसाळ्यांत जिच्यावर गुरें येतात अशी ओढ्याची वाट असते. हें पाणी नगरपालिकेच्या गटारांत, किंवा जागेच्या मालकाच्या परवानगीनें शोषखड्ड्यांतच सोडावें. झाडांस घालावयाचें तर त्याच दिवशीं घालावें, कारण सांचलेलें साबणाचें पाणी एकदोन दिवसांत कुजूं लागतें. आणि पालेभाजीस तें घालूंच नये. ताटांतील खरकटें आधीं कागदानें पुसून घेतलें आणि नळ सोडून ठेवण्याऐवजीं तांब्यानें पाणी घेतलें, तर टाकी कितीतरी उशिरां भरते. या घराचा हिशेब सरळ आहे : वरच्या टाकींतून जितकें पाणी घ्यावें तितकीच जागा खालच्या टाकींत संपते.

शहरांतल्या घरीं हा हिशेब आपणांस दिसत नाहीं, एवढाच भेद. पाणी तेथेंहि कोठून तरी आलेलें असतें आणि कोणाच्या तरी दाराशीं जात असतें. चार दिवसांच्या प्रवासांत पन्नास लिटरांची टाकी जो धडा शिकविते, तो घरीं परतल्यावर विसरला नाहीं, तर घर चाकांवर असो कीं पायावर, त्याची मोरी वाहती राहील आणि शेजाऱ्याची विहीर निर्मळ राहील.