धूर की वाफ? गाडीची निगा शिकताना

गेल्या वेळी आपण अनुमानावर बोलताना डोंगरावरच्या धुरापाशी थांबलो होतो. धूर दिसतो, म्हणून तिथे अग्नी आहे. न्यायशास्त्राचं हे ठरलेलं उदाहरण. आम्ही ते तीसेक वर्षं वर्गात शिकवलं. आणि निवृत्तीनंतरच्या एका मे महिन्यात, भर दुपारी, साताऱ्याकडे निघालो असताना खंबाटकी घाटात आमच्याच गाडीच्या बॉनेटमधून तो निघाला.

आधी आमचा मूर्खपणा सांगतो. समोर तापमानाचा तांबडा दिवा लागला होता. पत्नीने तो दाखवलाही. आम्ही म्हणालो, "माथा आलाच आहे, वर जाऊन बघू." माथा यायच्या आधीच इंजिन बंद पडलं. बॉनेटच्या फटीतून पांढरं काही तरी येत होतं. तो धूर समजून आम्ही घाबरलो, बॉनेट उघडलं आणि पाणी ओतावं म्हणून रेडिएटरचं झाकण फिरवलं. उकळत्या पाण्याचा झोत मनगटावर आला. तो डाग अजून आहे. पत्नी उन्हात, ट्रकांच्या कडेला उभी. गाडी ओढून गॅरेजात नेली, तेव्हा तिथला तरुण मेकॅनिक म्हणाला, "काका, यातलं पाणी शेवटचं कधी बघितलं होतं?" नऊ वर्षं ती गाडी आम्ही चालवत होतो. उत्तर नव्हतं. हेड गॅस्केट गेलं होतं.

आता यात चूक कुठे झाली? बॉनेटमधून येत होती ती वाफ होती. सातव्या शतकातल्या धर्मकीर्तीने नेमका हाच प्रसंग चर्चेला घेतला आहे: दिसतं ते धूर आहे की वाफ, याचीच शंका असेल, तर त्यावरून अग्नी सिद्ध होत नाही. हेतूच संशयित आहे. आम्ही हे शिकवत होतो. ओळखता मात्र येत नव्हतं. कारण धूर आणि वाफ वेगळी करायची तर दोन्ही डोळ्यांनी पाहिलेली असावी लागतात.

तर मग काय पाहायचं? वाफ पांढरी असते आणि हवेत लगेच विरते. कूलंट उकळत असेल तर तिला गोडसर वास येतो. मागच्या नळीतून निळसर धूर येत असेल तर इंजिन ऑइल जळतंय. काळा धूर म्हणजे इंधन पुरतं जळत नाही. थंडीत सकाळी दिसणारी आणि इंजिन तापल्यावर जाणारी पांढरी रेघ निरुपद्रवी. पण इंजिन तापल्यावरही दाट पांढरा धूर येतच राहिला, तर कूलंट आत जळणाच्या जागी शिरत असण्याची शक्यता आहे. एसी चालवल्यावर गाडीखाली पडणारं स्वच्छ पाणी बघून घाबरू नका. तेच रंगीत किंवा चिकट असेल तर मात्र शोध घ्या.

आणि तांबडा दिवा लागला तर? सुरक्षित जागा बघून लगेच थांबा. एसी बंद, मग इंजिन बंद. थांबायला जागा मिळेपर्यंत हीटर पूर्ण चालू करा. मे महिन्यात हे विचित्र वाटेल, पण हीटर आपली उष्णता इंजिनच्या पाण्यातूनच घेतो; म्हणजे तेवढी उष्णता इंजिनातून बाहेर जाते. अर्धा-पाऊण तास थांबा. गरम असताना झाकणाला हात लावू नका. आतलं पाणी दाबाखाली असतं, म्हणून ते १०० अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण सैल केलं की दाब जातो आणि तेच पाणी एका क्षणात उसळतं. आमच्या मनगटाचं कारण हे.

त्यानंतर काही शनिवार आम्ही त्याच गॅरेजात स्टूल टाकून बसलो. सत्तरीला आलेला विद्यार्थी आणि पंचविशीतला गुरू! त्याने शिकवलेलं आता सांगतो. महिन्यातून दोनदा, सकाळी, गाडी थंड असताना दहा मिनिटं लागतात.

पहिलं, कूलंट. अर्धपारदर्शक डबीवर खालची आणि वरची अशा दोन खुणा असतात. पातळी त्यांच्यामध्ये हवी. सारखी उतरत असेल तर नुसतं भरत बसू नका, कुठून जातंय ते शोधून घ्या.

दुसरं, इंजिन ऑइल. गाडी सपाट जागी. पट्टी काढा, पुसा, परत पूर्ण आत घाला, मग काढून वाचा. पुसल्याशिवाय पहिलं वाचन खरं नसतं. ऑइल काळं दिसलं म्हणून ते वाया गेलं असं नाही. पण दुधाळ कॉफीसारखं दिसलं, तर त्यात पाणी मिसळलंय. गाडी सुरू न करता मेकॅनिकला बोलवा.

तिसरं, टायर. हवेचा आकडा टायरच्या अंगावर बघू नका. तो टायरची कमाल मर्यादा सांगतो. आपल्या गाडीचा आकडा बहुधा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर असतो. टायरच्या खाचांमध्ये छोटे उंचवटे असतात, १.६ मिलिमीटरचे. रबर झिजून त्यांच्या पातळीला आलं की टायर बदलायचा.

चौथं, ब्रेक ऑइल. ते हवेतला ओलावा शोषतं, त्यामुळे त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो. लांब उतारावर ब्रेक तापले की त्यात वाफ होऊ शकते, आणि पाय दाबला तरी ब्रेक लागत नाही. म्हणून ते साधारण दोन वर्षांनी बदलतात. पातळी आपण पाहायची, काम मेकॅनिकचं.

हा शेवटचा भेद महत्त्वाचा आहे. नवशिक्याने आपली हद्द ओळखावी. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जाऊ नये. ब्रेक, एअरबॅग, इलेक्ट्रिक गाडीतल्या केशरी तारा, यांना हात लावू नये. तिथे शब्दप्रमाण, म्हणजे जाणत्याचं सांगणं. पण शब्द प्रमाण केव्हा? सांगणारा आप्त असेल तेव्हा. ज्याला वस्तू खरी ठाऊक आहे आणि जो ती तशीच सांगू इच्छितो. आपण स्वतः पट्टी वाचलेली असेल, तर "जुना पार्ट दाखवा, काय झिजलंय?" असं विचारता येतं, आणि उत्तरावरून माणूस कळतो. प्रत्यक्ष नसेल तर विश्वास ठेवणं आणि संशय घेणं, दोन्ही आंधळंच.

त्या दिवशी आमच्या शेजारच्या सीटवर आप्तच बसली होती. तिने दिवा पाहिला होता आणि तसं सांगितलंही होतं. आम्ही तिचा शब्द प्रमाण मानला नाही, आणि स्वतः पाहिलंही नाही.

पुढच्या वेळी शब्दप्रमाणाकडे सविस्तर वळू. तोवर गृहपाठ एवढाच: गाडी थंड असताना बॉनेट उघडा, कूलंटची डबी शोधा, आणि दारावरचा आकडा वहीत लिहून आणा. गाडी नसेल तर शेजाऱ्याची बघा. त्यानेही बहुधा पाहिलेली नसेल.