पुढे पोलीस आहे : सांगावं की सांगू नये?

रस्ता, वेग आणि कायदा : लेखांक ८

वेगमर्यादेचा आकडा कोण ठरवतं आणि कशावरून, हे आपण गेल्या आठवड्यात पाहिलं. ती मोडणाऱ्याला पकडायचं कसं, हा त्यापुढचा प्रश्न. पण त्याच्या मागोमाग आणखी एक, त्याहून अवघड प्रश्न येतो. पुढे पोलीस दबा धरून बसला आहे, हे चालकाला आधीच कळवणं गुन्हा आहे का? मोटारीत बसवायच्या रडार डिटेक्टरबद्दल जगभर जे एकमेकांच्या उलट कायदे आहेत, त्यांच्या मुळाशी हाच प्रश्न आहे आणि तो रडारच्या किती तरी आधीचा आहे.

इंग्लंडमध्ये १९०३च्या मोटार कायद्याने ताशी २० मैलांची मर्यादा घातली. पोलीस झुडपांआड लपून बसत. मोजून ठेवलेलं अंतर कापायला गाडीला किती वेळ लागतो ते स्टॉपवॉचवर बघत आणि पुढे उभा असलेला साथीदार गाडी अडवत असे. यावर उपाय म्हणून मोटारमालकांनी १९०५मध्ये ऑटोमोबाइल असोसिएशन ही संघटना काढली. तिची माणसं सायकलवरून रस्त्यांवर फिरत आणि पुढे सापळा असला की येणाऱ्या गाडीला खूण करत. अशा खुणेवरून झालेल्या ‘बॅस्टेबल विरुद्ध लिटल’ या खटल्यात खूण करणारा सुटला, कारण ज्यांना त्याने सावध केलं ते त्या वेळी मर्यादेबाहेर होते हे सिद्धच झालेलं नव्हतं. पुढे १९१०च्या ‘बेट्स विरुद्ध स्टीव्हन्स’मध्ये मात्र गाड्या खरोखरच भरधाव होत्या, आणि न्यायालयाने ती खूण म्हणजे पोलिसांच्या कामातला अडथळा ठरवली.

मग संघटनेने खूण उलटी केली. आमचा माणूस सभासदाच्या गाडीला सलाम करील. त्याने सलाम केला नाही तर थांबा आणि कारण विचारा, असं सभासदांना सांगण्यात आलं. हात न उचलल्याबद्दल कोणावर खटला भरणार? सलामाचा हा रिवाज १९६०च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत टिकला.

आपल्याकडे समोरून येणारा ट्रकवाला डिपर मारून पुढच्या पोलिसाची वर्दी देतो, ती याच कुळातली. अमेरिकेत मिसुरी राज्यातल्या एका गावात असा दिवा उघडझाप करणाऱ्या चालकावर कारवाई झाली, तेव्हा २०१४मध्ये संघराज्याच्या न्यायालयाने गावाला अशा कारवाया थांबवायला सांगितल्या. दिव्याची ती उघडझाप म्हणजे घटनेने संरक्षण दिलेली अभिव्यक्ती आहे, अशी न्यायालयाची भूमिका होती. एका देशात अडथळा, दुसऱ्या देशात अभिव्यक्ती. डिटेक्टरच्या बाबतीत पुढे हेच होणार होतं.

आता यंत्राकडे वळू. अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यात ग्लास्टनबरी इथे १९४७मध्ये रडारने गाड्यांचा वेग मोजून पाहिला गेला आणि १९४९पासून तिथले पोलीस त्या आधारावर दंड करू लागले. तत्त्व साधं आहे. रडार गन रेडिओलहर सोडते, ती गाडीवर आपटून परत येते. गाडी जवळ येत असेल तर परतलेल्या लहरीची कंपनं किंचित वाढलेली असतात. ही वाढ किती सूक्ष्म असते ते पाहण्यासारखं आहे. आज सर्रास वापरल्या जाणाऱ्या ‘के’ पट्ट्यातली गन सेकंदाला सुमारे २,४१५ कोटी कंपनं सोडते. ताशी १०० किलोमीटरने येणाऱ्या गाडीवरून परतताना त्यांत फरक पडतो तो जेमतेम साडेचार हजारांचा. तेवढ्यावरून गन वेग सांगते, आणि सहसा बरोबर सांगते. गन रस्त्याच्या कडेला तिरपी धरलेली असेल तर आकडा खऱ्या वेगापेक्षा कमीच दिसतो, म्हणजे उभ्या गनची ही चूक चालकाच्या पथ्यावर पडते.

पण या पद्धतीत एक मूलभूत कमजोरी आहे आणि डिटेक्टरचा सारा धंदा तिच्यावर उभा आहे. अंधारात बॅटरी घेऊन चालणाऱ्याला समोरचा माणूस दिसायच्या कितीतरी आधी त्याची बॅटरी त्या माणसाला दिसलेली असते. रडारचं तसंच आहे. पोलिसाच्या गनला लहर जाऊन परत यावी लागते. गाडीतल्या पेटीला ती फक्त येऊन पोहोचली की पुरे. अंतर दुप्पट झालं तर गाडीपर्यंत पोहोचणारी लहर चौथ्या हिश्शावर येते, पण गनकडे परतणारा प्रतिध्वनी सोळाव्या हिश्शावर येतो. म्हणून रिकाम्या सरळ रस्त्यावर चांगल्या पेटीला पोलिसाचा सुगावा आधी लागतो. यावर पोलिसांचा तोडगा म्हणजे गन सतत चालू न ठेवता नेमकी गाडी समोर आली की क्षणभर चालू करायची. तशा वेळी पेटी वाजते ती दंडाची पावती फाडायची वेळ झाल्यावर.

या पेटीला बाजार मिळाला तो तेलामुळे. १९७३च्या अखेरीस अरब देशांनी तेल रोखलं. इंधन वाचवायला राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी जानेवारी १९७४मध्ये सही केलेल्या कायद्याने देशभर ताशी ५५ मैलांची मर्यादा आली. ताशी ७० मैलांच्या हिशेबाने बांधलेल्या रुंद, सरळ रस्त्यांवर हा आकडा लोकांना पटला नाही. लांब पल्ल्याचे ट्रकचालक वायरलेसवर एकमेकांना पोलिसांची ठिकाणं सांगू लागले आणि ओहायोतल्या इलेक्ट्रोलर्ट कंपनीची ‘फझबस्टर’ नावाची पेटी डॅशबोर्डांवर दिसू लागली. १९७८मध्ये सिनसिनाटीहून ‘एस्कॉर्ट’ आला आणि पेटीची पकड लांबली. ५५ची देशव्यापी सक्ती १९९५मध्ये पूर्ण संपली, पण पेटी राहिली.

पेटीच्या समर्थकांच्या हाती १९७९मध्ये एक भक्कम मुद्दाही लागला. मायामीच्या एका दूरचित्रवाणी वाहिनीने प्रात्यक्षिक दाखवलं. पोलिसांच्या रडारने एका माडाचा वेग ताशी ८६ मैल दाखवला आणि एका घराचा ताशी २८! यंत्राच्या हाताळणीतल्या आणि रचनेतल्या दोषांवर तिथल्या न्यायाधीशांपुढे सविस्तर सुनावणी झाली आणि त्यांनी डझनावारी प्रकरणांत रडारचा पुरावा नाकारला. या प्रकरणानंतर यंत्रांच्या कसोट्या आणि पोलिसांचं प्रशिक्षण कडक झालं. यंत्राचा आकडा म्हणजे ब्रह्मवाक्य नव्हे, हे सरकारला न्यायालयात ऐकून घ्यावं लागलं, ही मला या सगळ्या इतिहासातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते.

अमेरिकेत पेटी बहुतेक ठिकाणी वैध आहे. हवेतून सगळ्यांकडे येणारी लहर नुसती टिपण्यात गुन्हा कसला, हा तिथला जुना युक्तिवाद आहे. पण हा हक्क अभेद्य नाही. राजधानी वॉशिंग्टनने पेटीवर बंदी घातली तेव्हा फझबस्टरवाली इलेक्ट्रोलर्ट कंपनी स्वतःच न्यायालयात गेली आणि १९८४मध्ये हरली. खाजगी गाड्यांतल्या पेटीवर बंदी असलेलं राज्य एकच, व्हर्जिनिया. अवजड व्यापारी वाहनांना मात्र १९९४पासून देशभर मनाई आहे. कॅलिफोर्निया आणि मिनेसोटात पेटी चालते, पण पुढच्या काचेवर चिकटवलेली चालत नाही. उलटी लहर सोडून पोलिसांचं रडार गोंधळवणारा जॅमर मात्र सगळीकडे बेकायदा आहे. ऐकणं वेगळं आणि दुसऱ्याचं ऐकणं बंद पाडणं वेगळं, ही रेषा अमेरिकी कायद्याने स्वच्छ आखली आहे.

आपल्यापैकी अनेकांची मुलं न्यूजर्सीत आहेत. आई-बाबा गेले की आय-९५ रस्त्याने वॉशिंग्टन आणि तिथून जॉर्ज वॉशिंग्टन यांचं माउंट व्हर्नन दाखवायला नेणं ठरलेलं. डेलावेअर आणि मेरीलँडमध्ये पेटी राजरोस वाजत राहील. मग पोटोमॅक नदीवरचा वुड्रो विल्सन पूल येतो. त्याचा एक छोटा तुकडा राजधानीच्या हद्दीत पडतो आणि पलीकडचा काठ व्हर्जिनियाचा. मिनिटभरात तीच पेटी दोनदा बेकायदा होते. व्हर्जिनियात ती चालू होती का, हेही सरकारला सिद्ध करावं लागत नाही. वीजजोडणी काढून, हाताला येणार नाही अशी ठेवली असेल तरच सुटका. मात्र ती जप्त करून सरकारजमा करता येत नाही. पुरावा म्हणून घेतली असेल तर काम संपल्यावर मालकाला परत द्यायची, आणि त्याने टपालखर्च भरला तर पत्त्यावर पाठवायची, असं कायद्यातच लिहिलं आहे. खरी धास्ती वेगळीच आहे. त्या राज्यात मर्यादेपेक्षा ताशी २० मैल जास्त किंवा ८५ मैलांच्या वर गाडी नेली, तर तो बेदरकारपणाचा फौजदारी गुन्हा धरला जाऊ शकतो. तिथे गाडी चालवणाऱ्या प्रत्येक मुलाला हे माहीत असायला हवं.

लपवलेली पेटी पोलिसांना सापडते कशी? चांगल्या डिटेक्टरच्या पोटात लहर ओळखण्यासाठी स्वतःची एक बारीक लहर तयार होते आणि तिचा थोडा अंश बाहेर झिरपतो. ‘व्हीजी-२’ नावाचं यंत्र तोच झिरपा हुंगायचं. मग उत्पादकांनी झिरपा दाबला, तपास यंत्रं आणखी तीक्ष्ण झाली, आणि ही चढाओढ अजून चालूच आहे.

ब्रिटनमधला निकाल मला तर्काच्या दृष्टीने फार आवडतो. १९४९चा वायरलेस कायदा परवानगीशिवाय संदेश टिपायला मनाई करत होता. १९९८मध्ये उच्च न्यायालय म्हणालं की रडारच्या लहरीत संदेश नसतोच. पेटी फक्त लहर आहे एवढंच सांगते. पेटी सुटली. २००६च्या रस्ता सुरक्षा कायद्यात बंदीची सोय करून ठेवली गेली, पण ती अमलात आलेली नाही.

युरोपच्या मुख्य भूमीवर हवा निराळी आहे. ज्या जर्मनीत महामार्गाच्या मोठ्या भागांवर वेगाला मर्यादाच नाही, तिथे चालत्या गाडीत पेटी किंवा मोबाइलवरचं सूचना देणारं ॲप वापरलं तर ७५ युरो दंड आणि परवान्यावर एक गुण. शेजारी बसलेल्याच्या फोनवर ते ॲप चालू होतं, ही सबब कार्ल्सरूहेच्या न्यायालयाने २०२३मध्ये फेटाळली. स्वित्झर्लंडमध्ये यंत्र जप्त होऊन नष्ट केलं जातं. कॅनडात नदी ओलांडावी तसे प्रांत ओलांडताना कायदा बदलतो: अल्बर्टात चालेल, ओंटारिओत नुसतं गाडीत बाळगलं तरी दंड.

फ्रान्सने मात्र विचार करायला लावणारी वाट काढली. तिथे पेटीला बंदी आहेच. पण २०१२पासून सूचना देणाऱ्या कंपन्यांनी कॅमेऱ्याची नेमकी जागा न दाखवता ‘धोक्याचा पट्टा’ दाखवायचा, असं ठरलं. वस्तीत ३०० मीटर, साध्या रस्त्यावर २ किलोमीटर, महामार्गावर ४ किलोमीटर. चालक कॅमेऱ्यापाशी करकचून ब्रेक मारून पुढे पुन्हा सुसाट सुटण्याऐवजी सगळा पट्टा सावकाश जाईल, हा त्यामागचा हिशेब. दारू पिऊन गाडी चालवणाऱ्यांची तपासणी चालू असेल, तर दोन तासांपर्यंत तिची माहिती ॲपवरून पूर्ण झाकायला लावण्याचा अधिकारही पुढे सरकारने घेतला. वेगाचा इशारा चालकाला सुधारू शकतो. तपासणीचा इशारा मद्यपीला फक्त दुसऱ्या गल्लीतून नेतो. हा भेद मला पूर्ण पटतो.

माझा पेटीला आक्षेप आहे तो इथेच. ती पोलीस कुठे आहे ते सांगते, शाळा कुठे आहे ते सांगत नाही. आणि काहीशे डॉलर मोजणाऱ्यालाच सांगते. पुढे वेग मोजला जातोय हे सांगायचंच असेल, तर ते रस्त्याच्या कडेला, मोठ्या अक्षरांत, दुचाकीवाल्यापासून ट्रकवाल्यापर्यंत सगळ्यांना सारखं सांगावं. झुडपाआडच्या पोलिसाचंही मी समर्थन करणार नाही; त्याच्या वहीत दंड जमतो, पण त्या वळणावरच्या गाड्या त्या क्षणी सावकाश होत नाहीत.

तंत्रज्ञानाने तर पेटीची उपयुक्तता जवळजवळ संपवली आहे. लेसर गनचा झोत तीनशे मीटरवर जेमतेम गाडीएवढा किंवा त्याहून अरुंद असतो. पेटी ओरडते तोवर वेग मोजून झालेला असतो. दुसरीकडे नव्या मोटारींमधली, शेजारच्या मार्गिकेतल्या गाडीची सूचना देणारी यंत्रं आणि दुकानांचे आपोआप उघडणारे दरवाजे त्याच पट्ट्यांत लहरी सोडत असतात, त्यामुळे पेटी उगाचच वाजत राहते. आणि दोन कमानींमधलं अंतर किती वेळात कापलं यावरून सरासरी वेग काढणारे कॅमेरे तर कोणतीच रडारलहर सोडत नाहीत, नंबरप्लेट वाचतात. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर हीच पद्धत आली आहे. तिथे कमानीखाली ब्रेक मारून पुढे दामटण्याची सवय कामाची नाही.

इशाऱ्याच्या बाबतीत आपला कायदा योग्य बाजूला उभा आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२१मध्ये आलेल्या १६७-अ या नियमानुसार कॅमेऱ्याच्या देखरेखीतल्या टप्प्याआधी ठळक सूचनाफलक लावणं बंधनकारक आहे. यंत्राला मान्यतेचं प्रमाणपत्र हवं आणि त्याचं दरवर्षी नूतनीकरण व्हायला हवं. कारवाईची नोटीस १५ दिवसांच्या आत पाठवायची आहे आणि तिच्यात फोटो, मोजलेला वेग, तारीख, वेळ, ठिकाण आणि मोडलेलं कलम असायला हवं. तुमच्या मोबाइलवर ई-चलान आलं, तर पैसे भरण्याआधी ही प्रत्येक गोष्ट तपासा. तो टप्पा सुरू होण्याआधी फलक होता का, हेही विचारा. नसेल तर लेखी हरकत घ्या. मायामीच्या माडाने तिथल्या चालकांना जे मिळवून दिलं, ते आपल्याला नियमानेच दिलेलं आहे.

पुढील आठवड्यात : दोन कमानींमधला सरासरी वेग नेमका कसा मोजतात, आणि नंबरप्लेट वाचण्यात चूक झाली तर दाद कुठे मागायची.