उंचीचा हिशेब : महाराष्ट्रातून लेहपर्यंत मोटारीने

महाराष्ट्रातून स्वतःच्या मोटारीने लेहला निघणाऱ्या कुटुंबाची तयारी बहुधा किलोमीटरच्या हिशेबाने सुरू होते. गुजरात-राजस्थानमार्गे उत्तरेकडे जाताना हा हिशेब बऱ्याच अंशी जुळतो, कारण रुंद महामार्गावर अंतरावरून वेळेचा अंदाज बांधता येतो. हिमालयात मात्र तो कोलमडतो आणि रात्रीचा मुक्काम किती उंचीवर आहे, या प्रश्नाला सर्वाधिक महत्त्व येते.

हवेतील प्राणवायूचे प्रमाण उंचीवरही सुमारे २१ टक्केच असते, पण हवेचा दाब घटत गेल्याने प्रत्येक श्वासागणिक शरीराला मिळणारा प्राणवायू कमी होतो. ५,३०० मीटरहून उंच असलेल्या टांगलांग ला या खिंडीत हा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्माच उरतो. शरीर या विरळ हवेशी जुळवून घेते, परंतु त्याला त्यासाठी दिवस लागतात, म्हणूनच ३,००० मीटरच्या वर मुक्कामाची उंची एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, असा वैद्यकीय दंडक आहे. मनालीमार्गे जाणारे प्रवासी जिस्पा येथे सुमारे ३,२०० मीटरवर झोपून दुसऱ्याच रात्री सुमारे ४,३०० मीटरवरील सरचूच्या तंबूत उतरतात, तेव्हा हा दंडक दुपटीने मोडला जातो आणि डोकेदुखी, मळमळ व निद्रानाश यांनी रात्र सरते. लक्षणे वाढू लागल्यास खाली उतरणे हाच खात्रीचा उपाय असतो. पण सरचूच्या दोन्ही अंगांना आधी चढच लागतो, आणि हीच त्या मुक्कामाची सर्वांत घातक बाजू आहे.

श्रीनगरमार्गे जाताना ३,५२८ मीटरची झोजी ला ओलांडून कारगिलला सुमारे २,७०० मीटरवर रात्र काढता येते आणि तेथून ३,५०० मीटरवरील लेह गाठता येते. ही चढणही पूर्णपणे दंडकात बसत नाही, त्यामुळे लेहला पहिले दोन दिवस विश्रांती हवीच. तरीही जाताना श्रीनगर आणि येताना मनाली हा क्रम निःसंशय श्रेयस्कर आहे. मनालीकडून निघाल्यास ९.०२ किलोमीटरच्या अटल बोगद्यामुळे रोहतांगचा घाट टळतो, पण वाचलेला वेळ आणखी वर चढण्यात घालवला तर शरीराला त्याचा लाभ काहीच होत नाही.

विरळ हवेचा परिणाम एंजिनावरही होतो. साध्या पेट्रोल एंजिनाची शक्ती दर हजार मीटरला साधारण दहा टक्क्यांनी घटते, तर टर्बोचार्जर, म्हणजे बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर फिरून एंजिनात जादा हवा दाबून भरणारे यंत्र, ही तूट बरीचशी भरून काढते. उतारावर मोटार खालच्या गिअरमध्ये ठेवून एंजिनाकरवी वेग आवरावा लागतो, अन्यथा सतत दाबलेले ब्रेक तापून त्यांची पकड सुटते. टायरच्या बाजूवर ‘२३२१’ असे चार अंक असतील तर तो २०२१ च्या तेविसाव्या आठवड्यात तयार झालेला असतो; शहरात कमी फिरलेल्या मोटारीचे टायर नक्षी शाबूत असूनही वयाने कडक झालेले असू शकतात आणि कमी हवा भरून तापलेल्या महामार्गावर वेगाने पळवल्यास ते हिमालय येण्याआधीच फुटतात. फास्टॅग, विमा आणि प्रदूषण प्रमाणपत्र यांची तजवीज एका दुपारी होते, टायरची निवड मात्र सवडीने करावी.

परतीच्या वाटेवर लेह परिसरातच टाकी पूर्ण भरावी, कारण त्याच परिसरातील कारू हे गाव सोडल्यावर लाहौलमधील तांदीपर्यंत, तीनशेहून अधिक किलोमीटर, इंधन मिळेलच असे गृहीत धरता येत नाही. एव्हाना शरीर उंचीला सरावलेले असल्याने सरचूचा मुक्काम तितका जाचत नाही. तेथून मात्र उजाडताच निघणे आवश्यक असते, कारण ऊन वाढते तसे बर्फ वितळून बारालाचा ला परिसरातील रस्त्यावरून वाहणारे नाले फुगतात आणि सकाळी चाकांखालून सहज जाणारे पाणी दुपारी लहान मोटारीला ओलांडू देत नाही.