नावाला जागणारा राजा

प्राचीन चीनमधल्या लू राज्यातल्या ची घराण्याने आपल्या अंगणात आठ रांगांचं विधिनृत्य करवलं. तो मान फक्त सम्राटाचा. ची तर नुसते मंत्री. तत्त्वज्ञ कन्फ्यूशियस (इ.स.पू. 551–479) संतापला. नाचावरून एवढा राग कशाला, असं आपल्याला वाटेल. पण त्याच्या मते राज्य नासायला सुरुवात होते ती इथूनच: पद एकाचं, मिरवणार दुसराच. छी राज्याच्या राजाने कारभाराबद्दल विचारलं, तेव्हा कन्फ्यूशियसचं उत्तर आठ चिनी अक्षरांत आटोपलं. राजा, मंत्री, बाप, मुलगा, प्रत्येकाने आपापल्या नावाला जागावं, एवढाच त्याचा आशय. यात निव्वळ ताबेदारी शोधणं चूक. पहिली अट राजालाच आहे. पुढे त्याच्याच परंपरेतल्या मेन्शियस या विचारवंताने जुन्या काळच्या जुलमी चौ राजाच्या वधाला राजहत्या म्हणायलाच नकार दिला. त्याच्या लेखी तो राजा उरलाच नव्हता.