अनुदानाचा हप्ता येईपर्यंत

दुकानाच्या गादीवर चाळीस वर्षे बसलेला माणूस एके दिवशी घरात बसू लागतो. धंदा मुलाच्या हाती गेलेला असतो, नातवंडे शिक्षणासाठी पुण्या-मुंबईस असतात आणि ज्याच्यासमोर दिवसभर गिऱ्हाइकांची वर्दळ असे, त्याच्याशी दुपारभर बोलणारे कोणी नसते. अशा घरात अन्नाची वा औषधाची वानवा नसते. वानवा असते ती सोबतीची.

ही उणीव भरून काढण्यासाठी गावोगावी ज्येष्ठांची विरंगुळा केंद्रे सुरू होतात. उद्घाटन थाटात होते, सभागृहाच्या दारावर दात्याच्या नावाची पाटी लागते. पण काही केंद्रांना वर्ष-दीड वर्षातच कुलूप लागते. वास्तूसाठी देणगी देणारे पुढे येतात, परंतु मदतनीसाचा पगार, फिजिओथेरपिस्टचे मानधन, वीजबिल आणि ज्येष्ठांना घरून आणणाऱ्या रिक्षाचे भाडे यांसाठी देणारा सहसा सापडत नाही. पाटी एकदाच लावायची असते. पगार दरमहा द्यावा लागतो.

अशा आवर्ती खर्चासाठी अनुदानाचे मुख्य मार्ग दोन. पहिला शासनाचा. केंद्र सरकारचा ज्येष्ठांसाठीचा एकात्मिक कार्यक्रम १९९२ पासून चालत आला असून आज तो अटल वयो अभ्युदय योजनेचा भाग आहे. वृद्धाश्रम, फिरते वैद्यकीय पथक, फिजिओथेरपी केंद्र अशा कामांसाठी त्यातून संस्थांना साहाय्य मिळते. निवासगृहांच्या बाबतीत त्याचा भर निर्धन वृद्धांवर आहे. राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेचे ३,००० रुपये मात्र पात्र ज्येष्ठाच्या बँक खात्यात थेट जमा होतात. संस्थेने त्यांवर अंदाजपत्रक बांधू नये.

दुसरा मार्ग कंपन्यांच्या सामाजिक दायित्वाचा. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ नुसार ५०० कोटी रुपयांचे नक्त मूल्य, १,००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा निव्वळ नफा यांपैकी कोणतीही एक मर्यादा गाठणाऱ्या कंपनीस मागील ३ वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम समाजकार्यावर खर्चावी लागते. कायद्याच्या सातव्या परिशिष्टात वृद्धाश्रमांबरोबर ज्येष्ठांसाठीच्या दिवसा-देखभाल केंद्रांचाही स्पष्ट उल्लेख आहे. म्हणून सोबतीचे केंद्र चालवणाऱ्या संस्थेस हे दार अधिक जवळचे. मात्र त्यासाठी १ एप्रिल २०२१ पासून संस्थेने 'सीएसआर-१' हा अर्ज भरून नोंदणी क्रमांक घेणे आवश्यक झाले आहे.

येथे समाजाच्या विश्वस्त संस्थांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. आयकर कायद्यानुसार, संस्था केवळ एका धर्मसमुदायाच्या वा जातीच्या हितासाठी असल्याचे तिच्या उद्देशांत नमूद असेल, तर देणगीदारास सवलत देणारी मान्यता मिळत नाही. केंद्राचे दार सर्व ज्येष्ठांना खुले असणे हे उदारतेचे लक्षण आहेच, पण ते व्यवहाराचेही शहाणपण आहे. संस्थापत्रातील शब्द अर्ज करण्यापूर्वीच सनदी लेखापालाकडून तपासून घ्यावेत.

अनुदान मंजूर झाले तरी पैसा लगेच हाती येत नाही. तो बहुधा हप्त्यांनी येतो आणि पुढच्या हप्त्यासाठी आधीच्या रकमेचे उपयोगिता प्रमाणपत्र व लेखापरीक्षित हिशेब द्यावे लागतात. समजा, केंद्राचा मासिक खर्च ६०,००० रुपये आहे आणि हप्ता ६ महिने लांबला. तर ३,६०,००० रुपये कोठून आणायचे? व्यापाऱ्याला हा प्रश्न नवा नाही. उधारी वसूल होईपर्यंत दुकान ज्यावर चालते, त्या खेळत्या भांडवलाचीच ही गोष्ट आहे.

हे भांडवल कंपन्यांकडून मिळणार नाही. २०२१ च्या नियमबदलानंतर संस्थेच्या ध्रुव निधीस दिलेली रक्कम कंपनीच्या सामाजिक दायित्वाच्या खर्चात धरली जात नाही. ते समाजानेच उभारले पाहिजे. धर्मशाळा, पांजरपोळ आणि विद्यार्थी वसतिगृहे ज्यांच्या दानातून उभी राहिली, त्या घराण्यांना ३ ते ४ लाखांचा राखीव निधी जड नाही. वाढदिवस, विवाह वा पुण्यतिथीच्या निमित्ताने दिली जाणारी देणगी 'एका महिन्याचा खर्च' म्हणून स्वीकारली, तर बारा कुटुंबांत वर्ष निघून जाते. रोख देणगी २,००० रुपयांपेक्षा अधिक असल्यास आयकराची सवलत मिळत नाही. म्हणून ती धनादेशाने किंवा बँकेमार्फत द्यावी.

उरतो तो हिशेब. अनुदानाचे स्वतंत्र बँक खाते, प्रत्येक खर्चाची पावती, ज्येष्ठांच्या हजेरीची वही आणि महिनाअखेरचा ताळमेळ एवढे नीट ठेवले, तर उपयोगिता प्रमाणपत्र वेळेवर जाते आणि पुढचा हप्ता केवळ कागदांवाचून अडत नाही. या कामासाठी बाहेरून माणूस शोधण्याचीही गरज नसावी. चाळीस वर्षे रोजमेळ आणि खतावणी लिहिलेला, आता दुपारभर एकटा बसणारा तो गृहस्थ त्याच केंद्राच्या दारातून रोज आत येणार आहे. विश्वस्तांनी त्याला येत्या सभेस बोलवावे आणि वही त्याच्या पुढ्यात ठेवावी.