बालकथेतील कालप्रवास आणि वेणुग्रामचे शिलालेख

एडिथ नेस्बिट या इंग्रज लेखिकेच्या ‘द स्टोरी ऑफ द अ‍ॅम्युलेट’ (१९०६) या कादंबरीत चार भावंडे एका अर्ध्या ताइताच्या योगे प्राचीन मिसर व बाबिलोन येथे जातात. पुढे बाबिलोनची राणीच लंडनला येते आणि ब्रिटिश म्यूझियममधील आपले अलंकार परत मागते. वस्तू मूळची कोणाची, हा प्रश्न अशा रीतीने मुलांपुढे सजीव उभा राहतो. १९०८ च्या ‘द हाऊस ऑफ आर्डन’मध्ये लेखिकेने हीच युक्ती कुलवृत्तान्तास लावली.

त्याच म्यूझियमात बेळगावचे, म्हणजे प्राचीन वेणुग्रामचे, शके ११२७ चे दोन शिलालेख आहेत. रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याच्या काळी बीचणाने बांधविलेल्या जिनालयास दिलेल्या दानांची त्यांत नोंद असून राजवंशाची माहितीही आहे. त्यांची भाषा मुख्यतः कन्नड आहे.

बेळगाव-निपाणीकडील मराठी मुलास या शिळांच्या वाटेने मागे न्यावयाचे, तर त्याच्या कानी प्रथम कन्नड पडेल. लेखकाने ते टाळू नये. भूमीचा वृत्तान्त एका भाषेत मावत नाही, हे मुलास वादविवादापेक्षा कथेतून अधिक सहज उमगेल. किल्ल्यातील कमलबस्ती अद्याप उभी आहे. तिच्या दारातून आत जाणारी मराठी बालकथा लिहिली जावयास हवी.