ड्रायरची वाफ जाते कुठे?

धारवाड म्हणजे मलनाडाचा उंबरठा. जुलैत रिपरिप लागली की दोरीवरची जीन्स तिसऱ्या दिवशीही दमटच. म्हणून हुबळी-धारवाडात वसतिगृहांजवळ लाँड्री टाकायची तर ड्रायर हवाच. पण मशीनइतकंच महत्त्व त्याच्या मागच्या नळीला आहे.

१० किलो कपडे मशीनने पिळले तरी त्यांत ५-६ लिटर पाणी उरतं. ड्रायरमधली गरम हवा ते शोषून नळीवाटे बाहेर पडते. जितकी हवा बाहेर, तितकी आत यायलाच हवी. बंद गाळ्यात ती मिळाली नाही की पंखा नुसताच घरघरतो आणि कपडे ओलेच निघतात. गॅसवरचा ड्रायर असेल तर विषारी कार्बन मोनॉक्साइड उलटा खोलीत येऊ शकतो. तेव्हा भिंतीत ऐसपैस झरोका ठेवाच.

नळी गुळगुळीत पत्र्याची, आखूड, कमी वळणांची हवी. वळणावर हवा मंदावते, थंड नळीत वाफेचे थेंब होतात आणि ओल्या भिंतीला शेवाळ धरावं तशी कपड्यांची लव तिथे चिकटते. वाळल्यावर हीच लव ठिणगीसरशी पेटते. नळीच्या बाहेरच्या तोंडाला डासांची जाळी मात्र लावू नका, ती लवेनं पाहता पाहता बुजते. हवेच्या जोरानं उघडणारं झाकण पुरतं.